बोलपटांचा अबोल कारागीर : विष्णुपंत दामले

‘संत तुकाराम’ हा चित्रपट ज्या घरात कधीच पाहिला गेला नाही, असे मराठी घर शोधून सापडणे कठीण. मात्र तो कुणी दिग्दर्शित केला, असे विचारले तर दहापैकी आठ जण व्ही. शांताराम यांचे नाव घेतात. प्रभात म्हणजे शांताराम, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे. शांतारामबापूंच्या थोरवीला आमचे वंदनच आहे. पण ‘संत तुकाराम’ त्यांचा नव्हे. तो विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीचा. या दोघांपैकी विष्णुपंतांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत सांगावे, असे आम्ही ठरवले.

इंदूरकरांना हा माणूस समजायला वेळ लागू नये. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्या शहरात गिरण्यांच्या झांक्या निघतात. हलणारे हत्ती, फिरणारी चक्रे, दिव्यांच्या माळा आणि पुराणातले प्रसंग पाहायला सारे शहर रस्त्यावर येते. त्या रात्री आपण झांकीला दाद देतो. ती उभी करणारा सुतार, रंगारी आणि वायरमन मात्र गाडीच्या मागून चालत असतो आणि त्याचे नाव कुणाला ठाऊक नसते. विष्णुपंत दामले त्याच जातकुळीतले. फरक एवढाच की त्यांनी हलती चित्रे उभी केली ती पडद्यावर, आणि ती व्हेनिसपर्यंत पोहोचली.

पेणहून कोल्हापूरला

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १८९२ सालचा, कोकणातल्या पेणचा. पेण म्हटले की आज आपल्याला गणपतीच्या मूर्ती आठवतात. मूर्तीकामाशी त्यांचा संबंध जोडण्याचा हट्ट आम्ही धरत नाही. पण हाताने वस्तू घडवण्याची ओढ त्यांच्यात लहानपणापासून असावी, हे पुढच्या आयुष्यावरून दिसते. कलेच्या ओढीने ते कोल्हापुरात आले आणि आनंदराव व बाबूराव या मेस्त्री बंधूंकडे काम शिकू लागले. हे बंधू पुढे पेंटर या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांचा मुख्य व्यवसाय नाटकाचे पडदे रंगवण्याचा. संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, सारे काही कापडावर रंगवून उभे करायचे आणि ते दिव्यांच्या उजेडात खरे वाटले पाहिजे. प्रकाशात रंग कसा बदलतो, दूरच्या प्रेक्षकाला काय दिसते, खोली कशी भासवायची, याचे शिक्षण विष्णुपंतांना या पडद्यांनी दिले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि पेंटर बंधूंना चित्रपटाचे वेड लागले. परदेशी कॅमेरा घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवायचे ठरवले. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी काम सोडले नाही, आणि त्यांच्या हाताशी होते विष्णुपंत. कोल्हापुरात, लेथवर, एकेक भाग कातून, जुळवून, बिघडवून आणि पुन्हा जुळवून १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा चालू झाला. फिल्म दर सेकंदाला ठरावीक वेळा पुढे सरकली पाहिजे, प्रत्येक चौकट क्षणभर अगदी स्थिर थांबली पाहिजे, आणि आत उजेडाचा कणही शिरता कामा नये. केसाएवढी चूक झाली तर पडद्यावर चित्र थरथरते. ज्याने हे यंत्र आपल्या हातांनी घडवले, त्याला चित्रपट म्हणजे काय हे आतून कळते.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. पुढची काही वर्षे कंपनीत नवे प्रयोग होत राहिले. ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला, ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आला. विष्णुपंतांनी तिथे समोर येईल ते काम केले. याच कंपनीत त्यांची गाठ फत्तेलाल यांच्याशी पडली. सारे त्यांना साहेबमामा म्हणत. फत्तेलाल कागलचे, हाडाचे चित्रकार. एकाचा ओढा यंत्राकडे, दुसऱ्याचा रंगरेषेकडे. एक कोकणातला ब्राह्मण, दुसरा करवीर भागातला मुसलमान. या दोघांनी १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’ हा मूकपट मिळून दिग्दर्शित केला. जोडी जमली ती आयुष्यभरासाठी. महाराष्ट्राच्या दोन लाडक्या संतांचे चित्रपट पुढे याच दोघांच्या हातून घडले, ही गोष्ट आजच्या दिवसांत मुद्दाम आठवण्यासारखी आहे.

प्रभात

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. पहिले चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले कलावंत-तंत्रज्ञ, आणि पाचवे सीतारामपंत, ज्यांनी भांडवल उभे केले. योगायोग असा की याच वर्षीच्या सप्टेंबरात आपल्या इंदुरात लता मंगेशकर यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपट बोलू लागण्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे उरली होती.

प्रभातमध्ये कामाची वाटणी नैसर्गिक झाली. दिग्दर्शन शांतारामबापूंकडे, कॅमेरा धायबरांकडे, कलादिग्दर्शन साहेबमामांकडे. विष्णुपंतांकडे आले ते प्रेक्षकाला कधीच न दिसणारे खाते : यंत्रे, रसायनशाळा आणि पुढे ध्वनिमुद्रण. दिवसभर चित्रित झालेली फिल्म रात्री धुतली जाई. रसायनाची मात्रा, पाण्याचे तापमान, फिल्म किती वेळ बुडवायची, सगळे अनुभवाने ठरे. फिल्म अधिक किंवा कमी वेळ राहिली तर चित्र बिघडत असे. नटांची मेहनत आणि दिग्दर्शकाची कल्पना या एका अंधाऱ्या खोलीत तरत किंवा बुडत असे.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांचे दिवस संपले. प्रभातने वेळ न दवडता ‘अयोध्येचा राजा’ हाती घेतला. १९३२ मध्ये तो मराठीत आणि हिंदीत आला. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे यांच्या भूमिका असलेला हा मराठीतला पहिला बोलपट. ध्वनीची जबाबदारी दामल्यांची होती. आज आपल्याला त्या कामाची कल्पना येणार नाही. पार्श्वगायनाची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गायचा, वादक चौकटीबाहेर दडून साथ करायचे, आणि मायक्रोफोन एखाद्या खांबाआड किंवा झाडामागे लपवायचा. कुणी खोकले, लांबवर कुत्रे भुंकले, तरी चित्रीकरण पुन्हा. ज्या माणसाने तोवर नाटकाचे पडदे रंगवले, कॅमेरा कातला, फिल्म धुतली, त्याने चाळिशीच्या उंबरठ्यावर ध्वनिशास्त्र नव्याने शिकून घेतले.

पुढच्याच वर्षी ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा प्रयत्न झाला. प्रती जर्मनीत छापून आणल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्याच सुमारास कंपनी पुण्याला आली. प्रभात रोडजवळच्या त्या जागेवर जो भव्य स्टुडिओ उभा राहिला, त्याच्या आखणीत आणि तांत्रिक मांडणीत विष्णुपंतांचे मन गुंतलेले होते. देशातल्या सर्वांत सुसज्ज स्टुडिओंमध्ये त्याची गणना होऊ लागली.

तुकोबांचा चित्रपट

डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ लागला आणि वर्षाहून अधिक काळ तिथून उतरला नाही. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळ्यांचे, गीते शांताराम आठवले यांची. आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला एक अभंग इतका अस्सल उतरला की पुष्कळांनी तो तुकोबांचाच मानला.

तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. अशा नटाला तुकाराम म्हणून घ्यावे का, याविषयी सुरुवातीला शंका व्यक्त झाल्या. पडद्यावर आल्यावर मात्र तो चेहरा लोकांनी तुकोबांचाच मानला आणि कित्येक घरांत त्याची तसबीर लागली. जिजाईच्या भूमिकेतल्या गौरी यांच्यामागे नाट्यशिक्षणाची परंपरा नव्हती. त्या प्रभातमध्ये लहानसहान कामे करत पुढे आल्या. म्हशीशी बोलणारी, पोरांच्या पोटासाठी नवऱ्याशी भांडणारी, संतापून हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरणारी ती बाई आजही खरी वाटते.

या चित्रपटाकडे दामल्यांच्या बाजूने पाहिले तर वेगळ्याच गोष्टी दिसू लागतात. सुरुवातीला तुकोबा अभंग गातात साधेपणाने, स्वतःशी. तोच अभंग सालोमालो आपला म्हणून गातो तेव्हा तो नाटकी आणि सजवलेला होतो. शब्द तेच, देव तोच. खरा कोण आणि खोटा कोण हे केवळ आवाजातून कळते. संवादातून काही सांगावे लागत नाही. हा प्रसंग ध्वनी जाणणाऱ्यालाच सुचावा.

चमत्कारांचेही तसेच. शत्रूचे सैनिक शिवाजी महाराजांना पकडायला येतात आणि कीर्तनात जिकडे पाहावे तिकडे शिवाजीच दिसू लागतात. इंद्रायणीत बुडवलेली गाथा वर येते. शेवटी गरुडाचे विमान उतरते. हे सारे संगणक नसताना, कॅमेऱ्यात आणि रसायनशाळेत, एकाच फिल्मवर अनेकदा चित्रण करून साधलेले. पण चमत्कार दाखवताना चित्रपटाचा पाय देहूच्या मातीतून सुटत नाही. विमान निघते तेव्हाही जिजाई खालीच उरते, संसार सांभाळत.

१९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाची खास शिफारस झाली. परदेशी महोत्सवात भारतीय चित्रपटाला असा मान मिळण्याचा तो अगदी सुरुवातीचा काळ. तिथल्या परीक्षकांना मराठी येत नव्हते, वारी ठाऊक नव्हती. त्यांच्यापर्यंत जे पोहोचले ते चित्र, सूर आणि माणसांचे चेहरे.

त्यानंतर दामले-फत्तेलाल जोडीने १९३८ मध्ये बोलका ‘गोपाळकृष्ण’, १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ आणि १९४१ मध्ये राजा नेने यांच्यासह ‘संत सखू’ केला. दरम्यान प्रभातमध्ये फाटाफूट सुरू झाली होती. धायबर आधीच गेले होते. १९४२ मध्ये शांतारामबापूही बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल सुरू झाले. विष्णुपंत मागे राहिले आणि कंपनी सांभाळत राहिले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या थोडे पुढे. देश स्वतंत्र झालेला त्यांनी पाहिला नाही, आणि आपली प्रभात बंद पडलेलीही पाहिली नाही.

त्यांच्या माघारी

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला प्रभात थांबली. पुढे सरकारने तो स्टुडिओ घेतला आणि १९६० मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. प्रभातच्या मंचावर नवे विद्यार्थी शिकू लागले. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. पी. के. नायर यांनी देशभर हिंडून जुन्या फिल्म गोळा केल्या. दामल्यांच्या कर्मभूमीतच त्यांच्या कामाच्या जतनाची व्यवस्था झाली, हे भाग्यच म्हणायचे.

पण भाग्य पुरेसे पडले नाही. त्या काळातली फिल्म नायट्रेटची असे. चित्र अप्रतिम येई, मात्र ती स्फोटकासारखी पेट घेते, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षे हळूहळू चिकट होत शेवटी तिची भुकटी होते. भारतात सुमारे १३०० मूकपट तयार झाले असावेत. त्यांतले तीसही आज धड उरलेले नाहीत. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट तर बोटांवर मोजण्याइतके, तेही तुकड्यांत. विष्णुपंतांच्या उमेदीची पहिली दहा वर्षे अशी जवळजवळ पुसली गेली.

८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातल्या इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारास आग लागली. हजारो रिळांची राख झाली. त्यांत प्रभातच्या चित्रपटांची मूळ सामग्रीही होती. ज्या आवारात ते चित्रपट जन्मले, त्याच आवारात ते जळाले. सुदैवाने पुष्कळ चित्रपटांच्या सुरक्षित फिल्मवरच्या प्रती आधीच करून ठेवल्या होत्या, म्हणून ‘संत तुकाराम’ आज आपल्याला पाहता येतो.

व्हेनिसच्या त्या मानपत्राची कथाही ऐकण्यासारखी आहे. ते हरवल्याचे मानले जात होते. १९७४ मध्ये एका छायालेखकाला ते कचऱ्यात सापडले. त्याने ते जपले आणि २००४ मध्ये ते चित्रपट संग्रहालयात जमा झाले. एका माणसाची नजर त्या कागदावर पडली नसती, तर देशाच्या चित्रपट इतिहासातला हा दस्तऐवज कायमचा गेला असता.

आपण जे पाहतो, ते दामल्यांचे आहे का?

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मंडळात जुन्या मराठी चित्रपटांचे चाहते कमी नाहीत. आषाढी-कार्तिकीला दूरदर्शनवर ‘संत तुकाराम’ लागायचा तेव्हा शेजारपाजारचे लोक एका घरात जमत. नंतर सीडी आणि डीव्हीडी आल्या आणि प्रभातचे काही चित्रपट घरात विकत आले. चाहत्यांनी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून ते मागवून घेतले. आता मोबाइलवर शोधले की सापडतात. मिळत नाही अशी तक्रार करायला जागा नाही.

प्रश्न आहे तो काय मिळते याचा. चेहरे पांढरे फटक पडलेले, रात्रीचे प्रसंग काळ्या डागासारखे, सतत पडणारा रेघांचा पाऊस. आवाजात खरखर इतकी की संवाद आठवणीतून भरून घ्यावे लागतात. कुठे गाणे मधूनच कापलेले, कुठे चित्राचा वरचा भाग छाटलेला, कुठे कोपऱ्यात कुणाची तरी मुद्रा ठोकलेली. नातवंडे पाच मिनिटे पाहतात आणि उठून जातात. जुने चित्रपट असेच असायचे, अशी त्यांची समजूत होते.

ते असे नव्हते. १९३६ च्या प्रेक्षकाने ‘संत तुकाराम’ पाहिला तेव्हा पडद्यावर लख्ख, मऊ, चांदीसारखे चित्र होते. आपण पाहतो ती प्रतीची प्रत, आणि त्या प्रतीचीही प्रत. प्रत्येक वेळी उजेड-सावलीचा एकेक पदर गळत जातो. दिग्दर्शनाचा ठसा खराब प्रतीतूनही थोडाफार कळतो. कथा कळते, नटाचा आवेश कळतो. परंतु ज्याचे सारे आयुष्य चित्राच्या स्वच्छतेत आणि आवाजाच्या शुद्धतेत खर्ची पडले, त्याचे काम खराब प्रतीत सर्वांत आधी नाहीसे होते. दामल्यांचे नाव लोकांच्या लक्षात राहिले नाही, याचे एक कारण आम्हाला हेच वाटते. त्यांचे काम आपण नीट पाहिलेलेच नाही.

पुनरुज्जीवन म्हणजे काय

जुना चित्रपट पुन्हा मूळ रूपात आणण्याच्या कामाविषयी बराच गैरसमज आहे. काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग भरणे म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. नवे पार्श्वसंगीत घालणे, चित्र आजच्या टीव्हीच्या आकारात ओढूनताणून बसवणे, हेही नव्हे. आधी जगात जिथे जिथे त्या चित्रपटाची प्रत असेल तिथून ती गोळा करायची, आणि कुठल्या प्रतीत कुठला भाग चांगला आहे हे ताडून पाहायचे. फिल्मच्या कडेची फाटलेली भोके हाताने दुरुस्त करायची, फिल्म स्वच्छ करायची, मग एकेक चौकट मोठ्या क्षमतेने स्कॅन करायची. दोन तासांच्या बोलपटात १,७२,८०० चौकटी असतात. त्यांतले ओरखडे, डाग, थरथर काढायची. आवाजातली खरखर कमी करायची, पण इतकी नव्हे की गायकाचा श्वासही पुसला जाईल. शेवटी उजेड-सावलीचा तोल मूळ छायालेखकाला अभिप्रेत होता तसा लावायचा. घराची डागडुजी करताना भिंतीवरचे पूर्वजांचे चित्र जपावे, तसे हे काम.

आगीत सापडलेले चित्रपटही परत येतात. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीत सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या होत्या. अमेरिका आणि इटलीतल्या तज्ज्ञांनी त्या जळक्या रिळांमधून वाचण्याजोगा भाग हाताने सावरला, उरलेला इतर प्रतींमधून घेतला, आणि २०१५ मध्ये हे तिन्ही चित्रपट झळझळीत रूपात जगापुढे आले. नंतर ते ब्ल्यू-रे तबकडीवर निघाले आणि कुणाही रसिकाला घरच्या कपाटात ठेवता आले. आपल्याकडे मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ असाच नवा केला आणि २०२४ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. पुण्याच्या संग्रहालयातही राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेअंतर्गत जुन्या फिल्म वाचवण्याचे, स्कॅन करण्याचे मोठे काम हाती घेतलेले आहे. म्हणजे ज्ञान आहे, यंत्रे आहेत, माणसेही आहेत.

घरी का हवा

कुणी म्हणेल, महोत्सवात दाखवला की झाले. पुणेकरांचे ठीक आहे; संग्रहालयाच्या सभागृहात जाऊन बसता येते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथल्या मराठी माणसाने काय करायचे? आमच्याकडे रीगल टॉकीज बंद झाली आणि चौकाला फक्त तिचे नाव उरले. मॉलमधल्या पडद्यावर ‘संत ज्ञानेश्वर’ लागण्याची वाट पाहावी लागली तर जन्म पुरायचा नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराला भाषा टिकवायची असते ती घरातच. पुस्तके आपण कपाटात ठेवतो, गाण्यांचा संग्रह करतो. चित्रपटही तसाच हाताशी हवा, मालकीचा हवा; एखाद्या कंपनीने अॅपवरून काढला की नाहीसा होणारा नको.

म्हणून आमची अपेक्षा अशी. प्रभातचे, विशेषतः दामले-फत्तेलाल जोडीचे चित्रपट मूळ लांबीचे, काटछाट न केलेले, मूळ आकारातले आणि पुनरुज्जीवित रूपात घरी पाहण्यासाठी उपलब्ध व्हावेत. सोबत मराठी, हिंदी आणि इंग्रजी उपशीर्षके असावीत. आपल्या इंदुरी नातवंडांना घरातली मराठी कळते, पण सतराव्या शतकातल्या तुकोबांची वाणी आणि १९३६ ची बोली ऐकताना हिंदीचा आधार लागतो. बरोबर एक पुस्तिका असावी आणि त्यात कॅमेरा, ध्वनी, नेपथ्य, रसायनशाळा सांभाळणाऱ्यांची नावे आणि त्यांची कामे नीट लिहिलेली असावीत. विष्णुपंतांवर ‘बोलपटांचा मूक नायक’ या नावाने माहितीपट झाला आहे आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तोही त्यात जोडता येईल.

हे काम खर्चाचे आहे आणि हक्क, सरकारी मान्यता, बाजार यांतून त्याला वाट काढावी लागते, याची आम्हाला जाणीव आहे. मागणीच नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, अशी आवृत्ती निघाली की ती विकत घ्यावी. फुकटची धुरकट प्रत एकमेकांना पाठवण्यावर समाधान मानू नये. दुसरी, आपापल्या घरातली माळ्यावरची ट्रंक एकदा उघडावी. जुन्या मराठी चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका, जाहिरातीचे कागद, तबकड्या, छायाचित्रे आणि क्वचित १६ मिलिमीटरच्या फिल्मचे डबेही त्यांत निघतात. गणेशोत्सवात मैदानात कापडी पडदा बांधून चित्रपट दाखवण्याची रीत होती, त्या दिवसांतले काही कुठे पडून असेल. ते रद्दीत देऊ नये. फिल्मचा डबा सापडला तर तो उन्हात किंवा दिव्याजवळ उघडू नये, यंत्रावर चढवून पाहण्याचा मोह टाळावा, आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे. व्हेनिसचे मानपत्र कचऱ्यातून परत आले, तसे आणखी काही येऊ शकेल.

पडदे रंगवणारा एक तरुण कोल्हापुरात आला, त्याने कॅमेरा कातला, फिल्म धुतली, आवाज पकडला आणि तुकोबांना पडद्यावर चालते-बोलते केले. त्याने स्वतःविषयी फारसे बोलून ठेवले नाही. जे सांगायचे ते चित्रात आणि आवाजात ठेवले. ते चित्र आणि तो आवाज स्वच्छ करून पुढच्या पिढीच्या हाती देणे, हेच विष्णुपंतांचे खरे स्मारक होईल. विघ्नहर्त्याने या कामातली विघ्ने दूर करावीत, हीच यंदाची आमची प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!